लेकीशी भांडलेल्या माणसांची साक्ष

माझी मुलगी न्यूझीलंडची कायमची रहिवासी झाली ती तिच्याशी भांडलेल्या माणसांच्या जोरावर. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणतात आजीबाईंना आता काहीही सुचतं. सुचत नाही बाबांनो, घडलेलं आहे. त्या साक्षी गोळा करायला जालना-भोकरदन एसटीचे हेलपाटे मी स्वतः घातलेत, मागच्या चाकावरच्या सीटवर बसून.

पण आधी त्या काळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल.

जालन्याचा जिल्हा झाला त्या साली ह्यांची भोकरदनहून जालन्याला बदली झाली. हे शेती खात्यात क्लार्क. नवा जिल्हा, नवं ऑफिस, आणि मी अशी टेचात, जणू कलेक्टरला मीच विचारून बसवलंय. दुपारभर घरात हात शिवशिवायचे म्हणून शिलाई मशीन घेतलं. गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायला लागल्या. मग पाटी लावायची ठरली आणि मी पाटीवर ह्यांचं नाव घातलं. पुढे ‘टेलर्स’. ह्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण बाईच्या नावाची पाटी दारावर म्हणजे मला कसंतरीच वाटलं. लोक काय म्हणतील, नवरा असून हिला पाटी लागते?

झालं काय, पाटी वाचून पुरुषमंडळी पँटी घेऊन यायला लागली.

“साहेब हायेत का? कंबर जरा ढिल्ली करायची व्हती.”

मी दाराआडून सांगायची, साहेब ऑफिसला गेलेत, ठेवून जा. मग पँट मीच उसवायची आणि मीच शिवायची. संध्याकाळी गिऱ्हाईक ह्यांना रस्त्यात गाठून म्हणायचं, साहेब, काय सफाई हाय तुमच्या हातात! हे लाजून म्हणायचे, कशाचं काय. आणि मी? मी माहेरी सांगत सुटले होते, की आमच्या ह्यांचं दुकान झकास चाललंय. एवढी हुशार बाई त्या वेळी अख्ख्या जालन्यात दुसरी नसेल.

मुलगी मात्र वेगळ्या मातीची निघाली. परभणीला शेतीची पदवी घेतली, एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत चिकटली, आणि एके दिवशी नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, मला माझी स्वतःची लॅब काढायचीय. दुकानदार आणि कंपन्या बी विकण्याआधी ते उगवतं का, हे तपासून घेतात, ते काम. ओल्या कागदात बी मांडायचं, गुंडाळी करायची, थंड कपाटात ठेवायची, काही दिवसांनी उलगडून मोड आलेले किती, न आलेले किती ते बघायचं आणि रिपोर्टवर सही करायची. बी चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट.

एमआयडीसीच्या रस्त्याला अर्धा गाळा भाड्याने घेतला. हे तेव्हा नुकतेच रिटायर झालेले, घरात माशा मारत होते. मग आमच्याकडे सगळीकडे होतं तेच झालं. भाडेचिठ्ठी ह्यांच्या नावाने, लाइटचं मीटर ह्यांच्या नावाने, दुकानाचं लायसन ह्यांच्या नावाने. कुणी ठरवलं म्हणाल तर कुणीच नाही. घरात वडील माणूस जिवंत असताना पोरीचं नाव कशाला, आणि पोरगी तर उद्या लग्न होऊन जाणार. पेंटरकडे मी गेले.

“नाव कोनाचं टाकू?” पेंटरने विचारलं.

“कोणाचं म्हणजे? साहेबांचं.”

एका पाटीने माझं समाधान झालं नव्हतं, दुसरीही मीच रंगवून घेतली! मुलीने ती पाहिली, हसली आणि म्हणाली, “असू दे आई. बी काय पाटी वाचून उगवत नाही.”

उद्घाटनाचा फोटो आहे. ह्यांच्या हातात कात्री. शेजारी टेंभुर्णीहून आलेले माझे मोठे दीर, फेटा बांधून, फीत जणू त्यांच्याच शेतात ताणली आहे असे उभे. मी आरतीचं ताट घेऊन, तोंड उघडं, बहुतेक कुणाला तरी नारळाचं सांगत असणार. गाळ्याचे मालक शेठजी, शेजारपाजारी, भटजी. जिची लॅब, ती तेवढी नाही. कारण कॅमेरा तिच्या हातात होता.

दोन पोरींना तिने काम शिकवून तयार केलं. लॅबचं बस्तान बसलं, तशी तिला पुढे शिकायची हुक्की आली आणि स्कॉलरशिप मिळवून ती न्यूझीलंडला गेली. लॅब त्या दोघी पोरी बघायच्या, दर आठवड्याला तिला फोनवर विचारून. हे समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे, आल्यागेल्याला चहा पाजायचे. रिटायर झाल्यावर माणसाला कुणी ओळखत नाही म्हणतात, ह्यांना मात्र ‘लॅबवाले साहेब’ म्हणून मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत ओळखायचे. ह्यांची तब्येत त्या खुर्चीने सुधारली होती हे मी शपथेवर सांगेन.

तिकडे शिक्षण संपता संपता तिने कंपनी काढली. उगवणाऱ्या बियांचे फोटो कॅमेऱ्याने काढायचे आणि कोणतं बी दमदार, कोणतं मरतुकडं हे कॉम्प्युटरने सांगायचं, असं काहीतरी. कॉम्प्युटरचा भाग तिच्याबरोबर शिकलेला तिकडचा एक मुलगा करायचा. आमच्या नातेवाइकांनी त्या मुलाचंच ऐकलं, बियांचं कुणी ऐकलं नाही. “गोरा हाय म्हणं,” जाऊबाई म्हणाल्या. मी म्हटलं, “हो, आणि बी पण परदेशीच आहे, त्याची चौकशी नाही का करायची?”

तिथल्या सरकारचा नियम मला मुलीने समजावला तो असा: बाहेरच्या देशातून येऊन तुम्ही नवा उद्योग काढला, तो खरोखर चालवून दाखवला, तिथल्या माणसांना काम दिलं, तर तुम्हाला कायमचं राहू देतात. पण उद्योग चालवण्याचा आधीचा अनुभव दाखवावा लागतो. नाहीतर मुदत संपली की परत या. तिची मुदत संपत आली होती. तिने अर्जात मोठ्या दिमाखात लिहिलं की भारतात माझी स्वतःची लॅब आहे, मी ती शून्यातून उभी केली. आणि पुराव्याला काय जोडलं? लायसन, भाडेचिठ्ठी, लाइटबिल आणि तो फोटो.

तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, या सगळ्यांवर मालक म्हणून एका पुरुषाचं नाव आहे. फोटोतही तोच कात्री घेऊन उभा आहे. तुम्ही कुठे आहात?

असा सवाल पडेल हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. येणार कसं? आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारतच नाही.

मुलीचा फोन आला तेव्हा हे लॅबवर गेले होते. तिने मुद्दाम तीच वेळ साधली होती.

“आई, नात्यातले नसलेल्या लोकांची शपथपत्रं लागतील. लॅब मी काढली, मी चालवली, असं लिहून देणाऱ्यांची. आणि...” ती थांबली.

“आणि काय?”

“आणि अण्णांचं. कागदावर मालक ते आहेत ना. ते मालक नव्हते, असं त्यांनी लिहून द्यायला पाहिजे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आई, त्यांना वाईट वाटणार असेल तर विचारू नकोस. खरंच. नाही जमलं तर मी परत येईन.”

इथे त्या काळच्या माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. आलं, की येऊ दे की परत! नवरा सही करणार नाही, पोरगी घरी येईल, मी पुरणपोळ्या करीन. छान बेत होता. फोन ठेवून मी ओट्यापाशी गेले, कणीक मळायला घेतली, आणि तिचं ‘परत येईन’ हे कसं आलं होतं ते आठवलं. लहानपणी गोष्ट अर्धी टाकून झोपायला पाठवलं की तिचा आवाज असा व्हायचा. हरल्यासारखा नाही, समजूतदार. पोरीचा समजूतदार आवाज मला कधीच सोसला नाही. हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी भोकरदनची एसटी धरली.

भोकरदनला बियाण्याचं दुकान असलेले एक गृहस्थ मुलीचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. मला वहिनी म्हणायचे. त्यांनी काम ऐकलं, चहा मागवला, आणि कागदावर स्वतःच्या हाताने सुंदर अक्षरात लिहून दिलं. मी वाचलं. ‘आदरणीय साहेबांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या सुकन्येने प्रयोगशाळेत मोलाची मदत केली.’

“भाऊ, हे काय लिहिलंत?”

“का? कमी पडलं का? कर्तव्यदक्ष टाकायचं राह्यलं?”

“मदत केली म्हणता. लॅब कोणाची होती?”

“साहेबाची. पाटीवर लिव्हलंय की.”

“बी कोण तपासायचं?”

“ताई.”

“सही कोणाची?”

“ताईचीच. साहेब तर पेपर वाचत बसायचे.”

“मग लॅब कोणाची?”

“साहेबाची,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघायला लागले की वहिनींना ऊन लागलं की काय. “वहिनी, तुमी बी काय बोलून राह्यल्या? साहेब बसलेले असताना लेकीचं नाव टाकायचं म्हंजी साहेबाचा अपमान. मी करनार न्हाई.”

मी उठले. उठता उठता सहज, खरं म्हणजे चिडून, म्हटलं, “तुमचं तिच्याशी कधी वाजलं नाही का हो? तिचं तर सगळ्यांशी वाजायचं.”

आणि काय सांगू! माणूस गादीवरून ताडकन उठला.

“वाजलं न्हाई? अहो, मृग तोंडावर आल्ता, दुकानात सोयाबीनची थप्पी लागलेली, अन् तुमच्या लेकीनं माझं बी नापास केलं! म्हनली, काका, निम्मं बी उगवत न्हाई. मी म्हनलं, बिलकुल खोटं, तुझं कपाट खराब हाय. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा नापास. मंग मी साहेबाकडं गेल्तो. म्हनलं साहेब, पोरीला जरा समजावा, माझी बरबादी व्हईल. साहेबानं पेपर खाली बी घेतला न्हाई. म्हनले, माझं इथं काय चालत न्हाई, तिच्याकडंच जा.”

“मग?”

“मंग काय! पुन्हा तिच्याम्होरं हुबा. ती म्हनली, काका, इकायचं तर इका, पन माझ्या सहीनं न्हाई. सगळी थप्पी तेलाच्या गिरणीला देली मी. लई राग आल्ता. महिनाभर शिव्या देल्या तिला.” मग त्यांचा आवाज खाली आला. “त्या साली बाजूच्या दुकानावर लोक दगडं घेऊन आल्ते. बी उगवलं न्हाई म्हनून. माझ्या दारात कोनी आलं न्हाई.”

मी परत खाली बसले.

“भाऊ, हे लिहा.”

“हे? भांडण? सरकारी कागदावर?”

“हेच. शिव्या तेवढ्या वगळा.”

त्या दुकानात मला जे कळलं ते मला आधी का कळलं नव्हतं याचं आजही हसू येतं. मदतीला बसलेल्या पोरीशी कुणी एवढं भांडत नाही. तिला बाजूला सारतात आणि मालकाला हाक मारतात. ह्या माणसाने मालकाला हाक मारली होती, आणि मालकाने त्याला तिच्याकडेच परत पाठवलं होतं! मग मी स्तुती करणाऱ्यांचा नाद सोडला. जालन्याला येऊन मुलीने तयार केलेल्या त्या दोन पोरींना विचारलं, ताईशी कोण कोण भांडलं? दोघींना एकमेकींच्या आधी बोलायची घाई झाली.

गाळ्याचे शेठजी निघाले. गाळ्याच्या छतावरच्या टाकीतून गळायचं, ते दुरुस्त होईपर्यंत तिने भाडं अडवून धरलं होतं. “साहेब को बोला मैंने,” शेठजी म्हणाले, ते आमच्याशी अर्धं हिंदीतच बोलायचे, “तो साहेब बोले, बेटी से बात करो. बेटी ने कपाट में ताला लगाया और चाबी मेरे हात पे रखी. बोली, पानी बंद करो नहीं तो गाला वापस लो. बाप रे! मला वाटलं, ही पोरगी की फौजदार?” लिहून दिलं. आणि एमआयडीसीतल्या बियाण्याच्या एका प्लांटच्या मॅनेजरने तर भांडणाचं एवढं मन लावून वर्णन केलं, की शपथपत्रं करून देणाऱ्या वकिलांना ते अर्ध्यावर आणावं लागलं.

मी आपली खुशीत. आता राहिले घरचे. तिथे कसं शिरायचं याचा विचार करत होते, तोवर भोकरदनच्या भाऊंनी घोळ केला. त्यांना वाटलं साहेबांना सगळं माहीत असेल. त्यांनी ह्यांना फोन लावला आणि चेष्टेत म्हणाले, “काय साहेब, वहिनींनी तुमाला मालकीवरनं काढलं म्हनं!”

संध्याकाळी हे आले. चप्पल काढली, पाय धुतले, पाटावर बसले.

“मला काढलं म्हणे.”

“काढलं नाही हो...”

“साहेब नुसते पेपर वाचायचे, असं तू भोकरदनात सांगितलंस म्हणे.”

“ते त्यांनी सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं.”

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. मग मी सगळं सांगितलं. अधिकारी बाई, फोटो, मुदत, शपथपत्र. आणि तिने ‘अण्णांना वाईट वाटणार असेल तर नको’ म्हटल्याचंही सांगितलं. मी भाजीत मीठ घालायचं विसरले होते, तरी ते शेवटपर्यंत जेवले आणि उठून गेले. पुढचे काही दिवस घरात असं शांत होतं की शेजारीण विचारायला आली, भाऊजी गावाला गेलेत का? हे रोज लॅबवर जायचे, खुर्चीत बसायचे. कुणी ‘काय मालक’ म्हटलं की मान हलवायचे. मी त्या खुर्चीचा विचार करायचे आणि मला माझ्या चलाखीची लाज वाटायची. ज्या माणसाला मी दोनदा, न विचारता, पाटीवर चढवलं होतं, त्याला आता मीच उतरायला सांगत होते.

मग एके दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हे माझ्यासमोर उभे राहिले. “वकिलाकडे कधी जायचंय?”

वकीलसाहेब ह्यांच्या ओळखीचे, मायाळू माणूस. त्यांनी आधीच मजकूर तयार करून ठेवला होता, आणि ह्यांचा मान राहील असा बेताने केला होता. ‘मी वयोमानामुळे व्यवसायाची जबाबदारी माझ्या कन्येकडे सोपवली.’ वाचून दाखवलं. मला तर फारच आवडलं. मी म्हटलं, वा, छान आहे.

“खोटं आहे,” हे म्हणाले.

“साहेब?”

“माझं काही नव्हतंच, तर सोपवू काय? लिहा. मी सांगतो.”

वकिलांनी टायपिस्टला खूण केली. आणि हे सांगायला लागले ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

लॅब सुरू झाल्यावर वर्षभराने टेंभुर्णीहून माझे मोठे दीर बी घेऊन आले होते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विकायला त्यांनी सोयाबीन साठवलं होतं. मुलगी त्या दिवशी परभणीला गेलेली. दिरांनी ह्यांना म्हटलं, आपल्या घरचंच बी हाय, तपासायचं काय त्यात, मार शिक्का. मोठा भाऊ. ह्यांनी शिक्का मारला, सही केली. दुसऱ्या दिवशी मुलगी आली. तिने ते बी ओल्या कागदात लावलं आणि काही दिवसांनी निम्मंही उगवलेलं नाही हे बघितल्यावर एसटीने टेंभुर्णीला जाऊन काकांच्या हातून रिपोर्ट परत आणला. मग सगळ्यांसमोर ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“ती म्हणाली,” हे वकिलांना सांगत होते, “अण्णा, या खुर्चीत बसायचं तर बी तपासायला शिका. नाहीतर बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसा. मला शिकायचं नव्हतं. मी उठलो. बाकावर जाऊन बसलो. बरेच दिवस तिथेच बसत होतो. मग तिने एकदा बोलावलं, म्हणाली, या आत, पण शिक्का माझ्याकडे राहील. लिहा हे. मी मालक नव्हतो. मी एकदा मालकासारखा वागलो आणि तिने मला उठवलं.”

टायपिस्टचे हात थांबले होते. आणि मला मात्र एकदम दिवाळी आठवली! त्या साली दिरांनी आमच्याशी धड बोलणं टाकलं होतं, आणि मी समजले होते की माझा चिवडा कडक झाला म्हणून. पुढच्या दिवाळीला मी मुद्दाम पातळ पोह्यांचा करून टेंभुर्णीला पाठवला होता. आणि त्याच दिवसांत हे रोज पाठ धरून घरी यायचे. विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरांनी कडक बाकावर बसायला सांगितलंय, मणक्याला चांगलं असतं. मी रोज तेल कोमट करून पाठ चोळून द्यायची. चोळता चोळता मी डॉक्टरांच्या नावाने खडे फोडायची, आणि हे पालथे पडून हूं हूं करायचे. बाप-लेकीने मिळून मला असं हातोहात बनवलं होतं.

“साहेब,” वकील हळूच म्हणाले, “असं लिहिलं तर तुमचीच बदनामी हो. थोडं सौम्य करू या.”

“बदनामी कशाची?” हे ताठ बसले. “माझ्या पोरीनं उठवलं मला. दुसऱ्याच्या पोरीनं उठवलं असतं तर बदनामी होती.”

वकिलांनी टायपिस्टला सांगितलं, साहेब म्हणतात तसंच टाक. खाली ह्यांनी सही केली. इतकी ऐटदार सही मी आमच्या लग्नाच्या नोंदणीवरही पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “पाठ खरंच दुखायची हं. बाक फार कडक होता.”

कागद इंग्रजीत करून तिकडे पाठवले. मग वाट पाहणं. ह्या दिवसांत हे लॅबवर येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायला लागले, मी मालक नाही बरं का, मालक न्यूझीलंडात, मला तर त्यांनी एकदा काढलं होतं. लोकांना वाटायचं साहेब विनोद करतायत. टेंभुर्णीच्या दिरांपर्यंतही गोष्ट गेली. ते लॅबवर आले, बाकावर बसले. मग म्हणाले, “ते बी आपल्या वावरात तेवढं पेरलं व्हतं मी. पोरीचं बराबर व्हतं. उगवलं न्हाई.” आणि गुळाची ढेप ठेवून गेले. तेवढी माफी आमच्या घराण्यात पुष्कळ झाली.

मुलीचा फोन आला तेव्हा दुपार होती. मी पापड वाळत घालत होते, हात पिठाचे.

“आई, झालं. मिळालं.”

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मी नुसतं “जेवलीस का” विचारलं. ती हसत होती, मध्येच थांबत होती. म्हणाली, त्या अधिकारी बाईंनी बोलावलं होतं. सगळ्यांची शपथपत्रं टेबलावर होती. त्यांनी अण्णांचं उचललं, मोठ्याने वाचलं, आणि विचारलं, हे खरं आहे? तुम्ही वडिलांना खुर्चीतून उठवलंत?

“मग तू काय म्हणालीस?”

“नुसती मान हलवली. मला वाटायचं अण्णा ते विसरले असतील. किंवा माफ केलं नसेल.”

माझ्या डोळ्यांना पिठाचा हात लागला. चांगलं झालं, कारण सांगायची सोय झाली. आता ती तिथलीच झाली. तिची पोरं तिथे होतील, मी त्यांची फोनवरची आजी होईन. हे सगळं मला त्याच वेळी कळलं. आणि तरी समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला मी ओरडून सांगितलं, “अहो, माझी पोरगी तिथली पक्की झाली! स्वतःच्या कंपनीवर! मालकीण म्हणून!” मालकीण हा शब्द घरातल्या बाईसाठी मी जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला, आणि तोही गच्चीवरून ओरडून.

तेवढ्यात हे आले. मी फोन त्यांच्या हातात दिला. अभिनंदन, आशीर्वाद असलं काही त्यांना जमत नाही.

“तिकडं तुझ्याकडं कामाला आहेत ती माणसं,” त्यांनी विचारलं, “भांडतात का तुझ्याशी?”

ती पलीकडून काहीतरी म्हणाली. हे हसले, मग पाठीवर हात ठेवून खुर्चीत बसले.

“रोज? मग चांगलं चाललंय.”